कान चाळीस वर्षांचा, बोटं सात महिन्यांची

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देतो.

"सर, माझं वय ४३. फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. सकाळी साडेसातला घर सोडते, रात्री सव्वाआठपर्यंत परत येते. शाळेत असताना गाणं शिकत होते. प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली. गिटारची हौस मात्र तेव्हापासून मनात होती. गेल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतली एकदाची. दर रविवारी क्लासला जाते. बाकी सगळी दहा-बारा वर्षांची मुलं. ती पुढे गेली, मी अजून तिथेच. एफ कॉर्ड लागत नाही म्हणजे नाहीच. बोटांची टोकं ठणकतात. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तरी मला डी कॉर्ड बेसूरच वाटते. मी गिटार काढली की लेक कानात इअरफोन घालते. मिस्टर म्हणतात, रिटायर झालीस की शिक. आता शेजारच्यांनी त्यांच्या मुलासाठी ती विकत मागितली आहे. मनात होतं, यंदा गणपतीत चिपळूणला सासरी एखादं भजन स्वतः वाजवून म्हणावं. खरं सांगा, या वयात बोटं वळत नाहीत का? उगाच धीर देऊ नका."

ताई,

बोटं वळतात. लहान मुलांपेक्षा हळू वळतात, हेही खरं. गेली पंधरा वर्षं मी संध्याकाळी नोकरदार माणसांना गिटार शिकवतो आहे. पन्नाशीत पहिल्यांदा गिटार हातात धरलेली माणसं माझ्याकडे येतात आणि वर्ष-दीड वर्षात घरच्या मैफलीत साथ करू लागतात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही मांडलेल्या तक्रारींत वयाची म्हणावी अशी मला एकही सापडली नाही. ठणकणारी बोटं आणि न लागणारी एफ याचं कारण बहुधा तुमच्या गिटारमध्ये आहे. डी बेसूर वाटते याचं कारण तुमच्या कानात आहे, आणि तो कान ही तुमची सगळ्यांत मोठी जमेची बाजू आहे.

कानापासूनच सुरुवात करतो. दहा वर्षांच्या मुलाची बोटं नवी असतात आणि कानही नवाच असतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले काही स्वर, अर्धवट लागली, एखादी तार बद्द वाजली, तरी त्याला ती गाण्यासारखीच वाटते आणि तो खुशाल पुढे जातो. तुमचं तसं नाही. तुम्ही लहानपणी तंबोऱ्यावर सा लावायला शिकलात, त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं चांगलं गाणं ऐकलंत. कान चाळीस वर्षांचा आणि बोटं सात महिन्यांची. बोटांची प्रत्येक चूक कानाला दिसते, कान नापसंती कळवतो, आणि तुम्ही समजता की आपल्याला जमत नाही. मोठेपणी शिकणाऱ्या बहुतेकांचं हेच दुखणं असतं. त्यातही लहानपणी गाणं शिकलेल्यांना ते जास्त छळतं.

आता ती डी कॉर्ड. तुम्हाला ती खटकते, कारण ती खरोखरच थोडी खटकणारी आहे. गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या असतात. त्यात षड्ज-पंचम जवळजवळ बरोबर येतात, पण गंधार चढा येतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर तंबोऱ्याच्या सुरेल गंधारापेक्षा साधारण चौदा भाग वर. डी कॉर्डमध्ये सगळ्यांत बारीक तारेवर दुसऱ्या पट्टीत तुम्ही बोट ठेवता, तो नेमका डीचा गंधार. तो सगळ्यांत वर वाजतो, सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतो. ट्यूनरच्या लेखी तो बरोबर आहे, तुमच्या लेखी चढा आहे, आणि दोघांचंही खरं आहे. पेटीवरही हाच वाद झाला होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे श्रुतींचं, म्हणजे स्वरांतल्या अशा बारीक फरकांचं, हे भांडण होतंच. म्हणजे तुमचा कान बिघडलेला नाही, उलट सात महिने त्याने बिनचूक काम केलंय. काही आठवड्यांत तो या चढ्या गंधाराला सरावेल, जसा लहानपणी पेटीला सरावला होता.

पण त्या बेसूरपणात थोडा वाटा गिटारचाही असावा असा मला दाट संशय आहे. तारा पट्ट्यांपासून फार उंच असल्या की दाबताना तार ताणली जाते आणि स्वर आणखी चढतो. बोटंही त्यामुळेच ठणकतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झंकार, बिघडली तर आपण गाणाऱ्याला दोष देतो का? गिटारच्या बाबतीत मात्र नवा शिकणारा सगळा दोष स्वतःकडे घेतो. दुकानातून आलेली कमी किमतीची गिटार बहुतेक वेळा नीट लावलेली नसतेच.

तपासणं सोपं आहे. शून्य अगदी काठापासून सुरू होतं अशी स्टीलची मोजपट्टी घ्या. गिटारच्या गळ्यावर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे जिथे दोन ठिपके असतात तिथे, ती उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते बघा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या वर असेल तर जड. साडेतीन-चार असेल तर त्या गिटारवर मीसुद्धा अर्ध्या तासात बोटं चोळत बसेन. दुसरी परीक्षा कॅपोची, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि त्याच कॉर्ड वाजवून बघा. एकदम सोप्या वाटल्या, तर नटच्या, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या आडव्या तुकड्याच्या, खाचा उथळ राहिल्यात असं समजा. तुमची एफ तिथेच अडली आहे. एफ अगदी नटाजवळ, पहिल्या फ्रेटवर एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून दाबायची असते आणि तिथे तार हटवादी असेल तर पहिलवानालाही ती नीट लागायची नाही.

हे काम गिटार दुरुस्त करणारा माणूस करतो. ब्रिजवरचं, म्हणजे खालच्या टोकाला तारा अडकवलेल्या असतात तिथलं, सॅडल (तारांखालचा पातळ तुकडा) थोडं घासून खाली करायचं, नटच्या खाचा खोल करायच्या, गळ्यातला लोखंडी दांडा किल्लीने थोडा पिळून गळा सरळ करायचा. नवी गिटार घेण्याच्या मानाने खर्च फार थोडा येतो. तुमचं ऑफिस फोर्टमध्ये आहे, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत धोबीतलावापर्यंत चालत जाता येईल. जेर महालच्या आसपास वाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे चौकशी करा. त्याच खेपेला तारांचं एक पाकीट घ्या. पाकिटावर सगळ्यांत बारीक तारेची जाडी लिहिलेली असते. १२ म्हणजे इंचाचे बारा हजारांश. तुमच्या गिटारवर १२च्या तारा असतील तर ११ किंवा १० च्या बसवून घ्या. ही दुरुस्ती (सेटअप) आणि तारा एकाच वेळी करायला सांगा, कारण तारा बदलल्या की गळ्याचा ताणही बदलतो. कॅपो नसेल तर तोही घ्या. चांगल्या स्प्रिंगचा असू द्या, अगदी स्वस्तातला नको.

हे होईपर्यंतही वाट बघायची गरज नाही. आज रात्री सगळ्या तारा एक अख्खा स्वर खाली उतरवा. ताण जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि बोटांना लगेच कळतं. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर पुन्हा मूळच्या जागी येतो.

दाबण्याबद्दल एकच सांगतो, बाकीचं क्लासमध्ये शिकवलं असेल. बोट दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवू नका, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून मागे ठेवा. निम्म्या जोरात तोच स्वर स्वच्छ येतो. डाव्या हाताची नखं बोटाच्या मांसाबरोबर कापलेली हवीत. आणि हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, पण आपल्या घरातल्या बायकांना सांगावंच लागतं: भांडी घासून, कणीक मळून किंवा आंघोळ करून लगेच गिटार घेऊ नका. पाण्याने टोकं मऊ झालेली असतात, तार आत रुतते आणि बनत आलेली घट्ट कातडी सोलवटते. हात कोरडे होऊन अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. रोज थोडं वाजवलंत तर तीन-चार आठवड्यांत टोकं घट्ट होतात आणि ठणका थांबतो. टोकं दुखणं ठीक, पण मनगटात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर त्याच क्षणी थांबा. दिवसभर कीबोर्डवर तोच हात राबत असतो. मुंग्या दोन-चार दिवसांत गेल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

एफ बाजूला ठेवा. अगदी बाजूला, सहा महिने. तिच्या जागी एफ मेजर सेव्हन दाबा, तारा सगळ्यांत बारीक तारेपासून मोजून: चौथ्या तारेवर तिसरी पट्टी, तिसरीवर दुसरी, दुसरीवर पहिली, पहिली तार मोकळी, जाड दोन तारांना हात लावायचा नाही. बऱ्याच गाण्यांत ती खपून जाते, काही ठिकाणी तर जास्त गोड लागते. आडवं बोट टाकायचा सराव करावासा वाटला तर पाचव्या फ्रेटवर करा. तिथे तोच आकार ए कॉर्ड होतो आणि तार बरीच नरम लागते. तिथे जमलं की एकेक पट्टी खाली सरकत पहिल्या फ्रेटकडे या.

आता तुमच्या भजनाकडे येतो, कारण पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यांत जास्त भिडलं.

प्रवेशिकेला तुमची पट्टी कुठली होती? बायकांचा सा बहुधा पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीवर असतो. काळी चार धरू. नेहमीसारखी गिटार लावा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. आता तिसरी तार मोकळी छेडा. तो तुमचा सा. चौथी तार मोकळी छेडा. तो खालचा पंचम. सगळ्यांत जाड तारेवर कॅपोपासून तिसऱ्या पट्टीत एक बोट ठेवा. तो खर्जाचा सा. आता अंगठ्याने सावकाश: चौथी, तिसरी, तिसरी, जाड. प, सा, सा, सा. तंबोरा! बायकांच्या तंबोऱ्याचीच सप्तकं आहेत ही, वरखाली काहीही नाही. काळी पाच असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, बाकी सगळं तेच. डाव्या हाताचं एकच बोट लागतं, उजव्याचा एक अंगठा.

आज रात्री हे करा आणि डोळे मिटून त्यावर सा लावा. मग तुम्हाला येणारं एखादं भजन हलक्या आवाजात म्हणा. सात महिन्यांत पहिल्यांदाच तुमचा कान आणि गिटार एका बाजूला येतील. माझ्या एका विद्यार्थिनीने असाच पहिल्यांदा सा लावला तेव्हा ती गायची थांबली आणि बराच वेळ नुसतीच तार छेडत राहिली. मीही काही बोललो नाही.

रागावर आधारलेल्या चालीवर उगाच कॉर्ड लादू नयेत असं माझं ठाम मत आहे. पुष्कळ अभंगांना हा सा-पच पुरतो. सुगम वळणाची चाल असेल तिथे याच कॅपोवर जी, सी, डी आणि लागली तर ई मायनर, एवढ्यात भागतं. या चारांत एफ कुठेच नाही.

ठेक्याचं म्हणाल तर क्लासमध्ये तुम्हाला 'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप' असं शिकवलं असेल आणि ते गोंधळाचं वाटलं असेल. तो भजनातला केरवा तालच आहे. धा गे ना ति न क धि न, आठ मात्रा. उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत हलता ठेवायचा: धा खाली, गे वर, ना खाली, ति वर, असा शेवटपर्यंत. फक्त 'गे'ला आणि 'न'ला, म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला, हात हवेतून न्यायचा, तारांना लावायचा नाही. बोल तोंडाने म्हणा आणि हात सोडून द्या. ज्या आकृतीसाठी मुलं महिनाभर झगडतात ती तुम्हाला दोन दिवसांत येईल, कारण केरवा तुमच्या अंगात आधीपासून आहे. हा सराव करायला गिटारही लागत नाही. लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली तर मांडीवर नाहीतर पर्सवर अंगठ्याने करा. ठाण्यापासून मस्जिदपर्यंत किती आवर्तनं होतात ते बघा.

कॉर्ड बदलायला वेळ लागतो, त्यासाठी मी सगळ्यांना एकच गोष्ट देतो. मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि जी ते सी किती वेळा स्वच्छ बदलता येते ते मोजायचं. तुमचं पहिल्या दिवशी बारा-पंधरा होईल. वहीत लिहून ठेवा. तुम्ही अकाउंट्सच्या आहात, आकडा बोलतो हे मी सांगायला नको. तीसच्या पुढे गेलं की ते गाण्यात बसतं. एका दिवशी एकच जोडी घ्यायची. घाईने बद्द वाजलेला बदल मोजायचा नाही.

वेळेचं. रविवारचे दोन तास सोडा, रोजची पंधरा मिनिटं धरा. हालचालींची सवय रोजच्या थोड्या सरावाने लागते आणि रात्रीच्या झोपेत ती मुरते. आठवड्यात एकदाच वाजवलं तर दर रविवारी पहिला अर्धा तास मागचं आठवण्यातच जातो. तुमच्या दिवसात ही पंधरा मिनिटं कुठे आहेत? मला वाटतं, घरी आल्या आल्या. पर्स ठेवली, साडी-ड्रेस बदलला, हात धुऊन पुसले, आणि ओट्याशी जाण्याआधी. एकदा ओट्याशी गेलात की रात्र संपली, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. गिटार पिशवीत ठेवू नका. भिंतीला हूक किंवा कोपऱ्यात स्टँड, येता-जाता हात लागेल अशी. चेन उघडायचा कंटाळा हे शिकणं बंद पडायचं मोठं कारण आहे.

यासाठी मिस्टरांची मदत लागेल. त्यांच्याशी वाद घालू नका. रिटायर व्हायला अजून पंधरा-सतरा वर्षं आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांच्याकडे नेमकं मागा: रोज रात्री कुकर तुम्ही लावायचा, मी पंधरा मिनिटांत येते. मोघम पाठिंबा मागितला तर मोघम होकार मिळतो. काम वाटून दिलं की माणूस बरोबर करतो.

आणि लेक. ती तुमच्या गिटारवर रागावलेली नाही. एकच कॉर्ड चाळीस वेळा ऐकणं कुणालाही जड जातं, मलाही जातं. सराव दार लोटून करा. ब्रिजलगत तारांखाली एखादा मऊ रुमाल सरकवला की आवाज निम्म्याहून कमी होतो. पिकऐवजी, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीऐवजी, अंगठ्याचा मांसल भाग वापरा. अमेरिकेत इंडियानापोलिसला वेस माँटगोमेरी नावाचे जाझ गिटारवादक होऊन गेले. जन्म १९२३. विशीच्या आसपास त्यांनी गिटार मन लावून शिकायला घेतली. घरात मुलंबाळं, दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात वाजवणं. पिकच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ते घरी अंगठ्याने वाजवू लागले, आणि तो मऊ, गोल आवाज पुढे त्यांची ओळख झाला. तुमच्यासारख्याच तंग घरात तो आवाज घडला. लेकीला मात्र आठवड्यातून एकदा बोलवा आणि तिच्या आवडीचं एक गाणं तिलाच निवडू द्या. तुम्ही वाजवा, तिला टाळी धरू द्या.

क्लासबद्दल. तुमच्या शिक्षकांशी एकदा निवांत बोला. "मला गाण्याला साथ करायची आहे, पट्टी माझी ही आहे" असं स्पष्ट सांगा. मुलांना पुस्तकातले धडे क्रमाने देणं योग्यच आहे, कारण पुढे त्यातल्या काहींना ट्रिनिटीसारख्या ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या असतात. तुम्ही परीक्षा पुरेशा दिल्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदा एकट्याला शिकवतील का, हे विचारा. नाही म्हणाले तर दुसरे शिक्षक शोधा. त्यात कुणाचा अपमान नाही.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. मी चौतिसाव्या वर्षी, कंपनीत पाळीला जात असताना गिटार घेतली. चौथ्या महिन्यात शिक्षकांनी वर्गासमोर सांगितलं की तिशीनंतर हात वळत नाहीत, कशाला पैसे घालवता. मी ते खरं मानलं. गिटार पिशवीत घालून माळ्यावर टाकली, तारा तशाच ताणलेल्या. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी साफसफाईत ती खाली काढली तेव्हा ब्रिज एका बाजूने उचकटून वर आला होता. त्याच्या खाली माझं एटीएम कार्ड सहज सरकत होतं. तारा गंजून बोटांना तांबूस पावडर लागत होती. मी ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसलो. ज्यांनी ती दुरुस्त करून दिली, त्या कारागिराने पैसे घेताना विचारलं, "आता वाजवणार का?" मी हो म्हणालो. त्या दोन वर्षांची हळहळ मला अजून आहे. तुम्हाला ती नको.

आता अपेक्षांचं, कारण तुम्ही खरं सांगा म्हणालात. झरझर सोलो, विजेसारखी बोटं, हे बहुधा होणार नाही. त्याला दिवसाचे चार-पाच तास लागतात आणि ते तुमच्याकडे नाहीत. होईल ते असं: गणपतीपर्यंत सा-पवर दोन भजनं निश्चिंतपणे, आणि केरव्यात तीन कॉर्डचं एखादं गाणं जरा अडखळत. पुढच्या दिवाळीपर्यंत दहा-बारा गाणी. दोन वर्षांत कुणी गायला बसलं की पट्टी विचारून कॅपो लावाल आणि साथ सुरू कराल. हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना तुमच्यासारखा कान नव्हता. तेव्हा शेजाऱ्यांना आजच सांगून टाका की गिटार विकायची नाही.

चिपळूणला आरतीच्या वेळी मात्र वाजवायचा हट्ट करू नका. झांजा, टाळ, ढोलकी आणि वीस-पंचवीस आवाज, त्यात गिटार ऐकूच येणार नाही आणि तुम्ही जोर लावून तारा तोडाल. रात्री जेवणं उरकून माणसं ओटीवर टेकतात, पोरं पेंगायला लागतात, समईची वात कुणीतरी सारखी करतं, तेव्हा काढा. तोवर रोजच्या सरावातलं पहिलं भजन तिथे म्हणायचं तेच ठेवा, म्हणजे त्या रात्री बोटांना वेगळं काही करायला लागणार नाही.

आणि कोकणातला भाद्रपद म्हणजे दमट हवा. लाकूड फुगतं, तारा गंजतात. निघायच्या आधी तारा दोन स्वर सैल करा. पिशवीत औषधांच्या, चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. गाडीत सामानाच्या खाली देऊ नका, बसने गेलात तर मागच्या डिकीत नाहीच नाही, स्वतःजवळ उभी धरा. पोचल्यावर लगेच सुरात लावू नका, तासभर घरच्या हवेत राहू द्या. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसा. तारांचा एक जादा संच आणि ट्यूनरचा सेल बरोबर असू द्या. कॅपो मात्र बॅगेत नको, पर्समध्येच ठेवा. ऐन वेळी तोच सापडत नाही.